एका ओळीच्या उत्तरामागे

शाळेच्या व्हरांड्यात एक फळा असतो. सोमवारी त्यावर पाच-दहा प्रश्न लिहिले जातात आणि शनिवारी उत्तरे. मध्ये पाच दिवस पेटीत चिठ्ठ्या पडत राहतात. कुठे याला 'प्रश्नमंजूषा' म्हणतात, कुठे 'ओळखा पाहू', तर कुठे नुसतेच 'जी.के.'. प्रश्न बहुधा एखाद्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून किंवा वर्तमानपत्राच्या पुरवणीतून आलेले असतात. भारतातील पहिली रेल्वे कोणती? शून्याचा शोध कोणी लावला? निजामशाही कधी संपली? उत्तर एका ओळीचे आणि गुण एक.

अशा प्रश्नांकडे नाक मुरडून पाहणारे पुष्कळ आहेत. ही घोकंपट्टी आहे, हे ज्ञान नव्हे, असे ते म्हणतात. आम्हाला हे म्हणणे अर्धेच पटते. नेहमीच्या यादीतले काही प्रश्न आम्ही निवडले आणि एक अट घातली : उत्तर शोधायला शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांबाहेर शक्यतो जायचे नाही. जे पाहायचे ते इथल्या डोंगरात, घाटात, रुळांवर आणि धरणांवर पाहायचे. त्या शोधात जे हाती आले ते शिक्षक मित्रांपुढे ठेवतो.

कोड्यापासून क्विझपर्यंत

प्रश्न विचारून अडवण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. कोडी, कूटप्रश्न, उखाणे घरोघर चालत. पण कोड्यात आणि सामान्यज्ञानाच्या प्रश्नात एक मोठा फरक आहे. कोड्याचे उत्तर कोड्याच्या शब्दांतच दडलेले असते, डोके चालवले की ते सापडते. सामान्यज्ञानाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रश्नाबाहेर असते. ते ठाऊक असावे लागते, नाही तर कुठे शोधायचे हे तरी ठाऊक असावे लागते.

आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन या बेटावर किंग विल्यम्स कॉलेज नावाची शाळा आहे. तिथे १९०५ सालापासून सामान्यज्ञानाची एक अतिशय अवघड प्रश्नपत्रिका काढली जाते. तिची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलांनी नाताळच्या सुटीपूर्वी ती एकदा कोरी सोडवायची. तेव्हा बहुतेकांना फारच थोडे गुण पडत. मग सुटीभर ग्रंथालये धुंडाळायची, घरातल्या मोठ्यांना विचारायचे आणि परतल्यावर तीच प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवायची. प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर लॅटिन भाषेत एक वचन असते. त्याचा आशय असा की एखादी गोष्ट कुठे सापडेल हे माहीत असणे हाच विद्येचा मोठा भाग होय. १९५१ पासून ही प्रश्नपत्रिका 'गार्डियन' या इंग्रजी दैनिकात छापली जाऊ लागली.

आपल्या देशात सार्वजनिक क्विझची सुरुवात १९६७ साली कोलकात्यात नील ओब्रायन यांनी केली असे मानले जाते. १९७२ मध्ये 'बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट' रेडिओवर आली. हमीद सयानी आणि त्यांच्यानंतर अमीन सयानी यांच्या आवाजाने ती घरोघर पोहोचली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' सुरू झाला आणि ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती'. या प्रवासात एक गोष्ट हळूच बदलली. शोधायला मिळणारी सुटी गेली आणि हातात घड्याळ आले. उत्तर किती लवकर दिले याला मोल आले, ते कुठून आले हे विचारायला वेळच उरला नाही. शाळेचा फळा मात्र आठवडाभराचा असतो, आणि ही त्याची जमेची बाजू आहे. पाच दिवसांत पुष्कळ शोधता येते.

पहिली रेल्वे, आणि आपल्याकडची

पहिला प्रश्न रेल्वेचा. उत्तर पाठच असते : १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. पण प्रश्नातला 'पहिली' हा शब्द जरा तपासू. मद्रासजवळ रेड हिल्स येथे १८३७ मध्ये दगड वाहण्यासाठी लोहमार्ग होता. रुडकीजवळ गंगेच्या कालव्याच्या बांधकामासाठी १८५१ मध्ये इंजिन धावले होते. म्हणजे १८५३ हे उत्तर बरोबर ठरण्यासाठी प्रश्नात 'उतारूंची वाहतूक करणारी' हे शब्द हवेत. प्रश्न काढणाऱ्याने ते गाळले, तर रेड हिल्स लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला चूक कसे द्यायचे?

आता हाच प्रश्न पुढे नेऊ. ठाण्याहून गाडी आपल्याकडे कधी आली? १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी वासिंदला, म्हणजे शहापूर तालुक्यात. आसनगावला यायला १८६० उजाडले, कसाऱ्याला १८६१ आणि इगतपुरीला १८६५. बोरीबंदर ते वासिंद हे अंतर अडीच वर्षांत कापले गेले, आणि वासिंद ते इगतपुरी या त्याहून कमी अंतराला सव्वानऊ वर्षे लागली! ही तफावत फळ्यावर मांडली की मुले आपणहून विचारतात, "का?"

उत्तर कसाऱ्याच्या पुढे डोळ्यांसमोर उभे आहे. थळ घाटात लोहमार्गाचा चढ ३७ फुटांत एक फूट इतका आहे. रस्त्यावरच्या मोटारीला हा चढ किरकोळ वाटेल. रेल्वेचे मात्र लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर असते, त्यामुळे घर्षण कमी. सपाटीवर हेच कमी घर्षण फायद्याचे, कारण थोड्या शक्तीत मोठे ओझे ओढता येते. चढावर तोच फायदा अडचण होतो. म्हणूनच कसाऱ्याला गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने जोडतात. गाडी तिथे का थांबते, हे कसाऱ्याच्या फलाटावर वाढलेल्या मुलाला सांगावे लागत नाही. घर्षणाच्या धड्याशी त्याची गाठ घालून देणे एवढेच आपले काम. रेल्वे अजून न पोहोचलेल्या मुरबाडच्या मुलांनाही एक जोडप्रश्न देता येतो : दोन शेजारी तालुक्यांपैकी रेल्वे एकातून गेली आणि दुसऱ्यातून गेली नाही, हे कशामुळे? नकाशावर थळ घाट आणि बोरघाट शोधले की मुंबईहून सह्याद्री ओलांडणाऱ्या दोन्ही वाटा मुरबाडला बगल देऊन जाताना दिसतात.

शून्य आणि नाणेघाट

शून्याचा शोध कोणी लावला? पुस्तकी उत्तर : आर्यभट. हा प्रश्न घेऊन आम्ही नाणेघाटाकडे वळतो.

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाकडून चढत गेले की घाटमाथ्यावर, जुन्नरच्या हद्दीला लागून, ती कोरीव गुहा आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. तो सातवाहनांच्या काळातला, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. लेख नागनिका राणीचा मानला जातो आणि त्यात यज्ञ व दानदक्षिणा यांची यादी आहे. अशोककालीन ब्राह्मी वाचण्याची किल्ली जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये मिळवली. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी नाणेघाटच्या लेखाचा आणि त्यातल्या आकड्यांचा बारकाईने अभ्यास केला. जुनागडचे हे गृहस्थ मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात संशोधक म्हणून तयार झाले.

दान मोजायचे म्हणजे आकडे आले. नाणेघाटात ते चिन्हांनी कोरले आहेत, आणि इथेच गंमत आहे. या पद्धतीत एककांना वेगळी चिन्हे, दहाला वेगळे, विसाला वेगळे, शंभराला वेगळे आणि हजाराला वेगळे चिन्ह. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडायचे. लेखात २४,४०० कार्षापण दिल्याची नोंद आहे. ती वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन चिन्हांनी पुरी होते. आपल्याला तीच संख्या लिहायला पाच अंक लागतात, त्यांतली दोन शून्ये. १०,००१ गाई द्यायच्या झाल्या तर दहा हजाराचे चिन्ह आणि पुढे एक, काम संपले. मधली तीन शून्ये कोरायची गरजच नाही. म्हणजे मोठमोठ्या संख्या लिहिणारे लोक शून्याच्या चिन्हाशिवाय सुखाने व्यवहार करत होते.

मग शून्य आले कुठून? आर्यभटाचा ग्रंथ इ. स. ४९९ चा. एका स्थानाकडून दुसऱ्या स्थानाकडे जाताना किंमत दहापट होते हे त्याला ठाऊक होते. पण त्याने संख्या अक्षरांनी लिहिल्या आणि त्यात शून्याचे चिन्ह वापरले नाही. शून्याला संख्या मानून त्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दिले. कंबोडियातल्या ६८३ मधल्या एका लेखात शक ६०५ हे वर्ष शून्यासाठी ठिपका देऊन कोरले आहे. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात ८७६ मधल्या लेखात २७० आणि ५० या संख्या आजच्यासारख्याच गोल शून्याने लिहिलेल्या दिसतात. बख्शाली हस्तलिखिताची काही पाने त्याहून बरीच जुनी असल्याचे २०१७ मध्ये कार्बन कालमापनावरून जाहीर झाले, पण त्या निष्कर्षावर अभ्यासकांचे एकमत नाही.

थोडक्यात, रिकामी जागा दाखवणारे चिन्ह, स्थानिक किमतीची कल्पना आणि संख्या म्हणून शून्य, असे हे तीन निरनिराळे शोध आहेत. 'कोणी लावला' या दोन शब्दांत ते कोंबले की एक नाव तेवढे उरते. वर्गात एक प्रयोग करून पाहावा. मुलांना नाणेघाटच्या पद्धतीसारखी स्वतःची चिन्हे बनवू द्यावीत आणि २४,४०० ला ७ ने गुणायला सांगावे. लिहिणे सोपे पण गुणाकार जिकिरीचा, हे कळायला दहा मिनिटे पुरतात. शून्याने काय सोय केली हे त्यांना मग वेगळे सांगावे लागत नाही.

नाणेघाटाविषयी आणखी एक प्रश्न हल्ली वरचेवर दिसतो : जगातला पहिला टोलनाका कोणता? तिथला मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी लोकसमजूत आहे. व्यापारी मार्गावर जकात घेतली जात असणे अगदी संभवनीय आहे. पण राणीच्या लेखात दान आहे, जकात नाही. रांजण जकातीचाच, असे त्या लेखावरून सिद्ध होत नाही. 'जगातला पहिला' हे तर नाणेघाटात उभे राहून ठरवताच येणार नाही. त्यासाठी साऱ्या जगातले घाट तपासावे लागतील.

१६३३ की १६३६?

निजामशाही कधी संपली? एका पुस्तकात १६३३ असते, दुसऱ्यात १६३६. मुलांचे भांडण गुरुजींपर्यंत येते. खरे तर दोघांकडेही पुरावा आहे. १६३३ मध्ये वजीर फत्तेखानाने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला आणि हुसेन निजामशहा कैदेत गेला. पण शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातल्या मूर्तझा नावाच्या मुलाला गादीवर बसवून तीन वर्षे राज्य चालवले. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांनी त्यांना गाठले ते शहापूरच्या माहुली किल्ल्यावर. तिथे तह झाला, लहान निजामशहा मोगलांच्या ताब्यात गेला आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. १४९० मध्ये सुरू झालेले राज्य आसनगाव स्टेशनवरून दिसणाऱ्या त्या सुळक्यांच्या डोंगरावर संपले.

म्हणून वाद सालाचा नसून 'संपणे' या शब्दाचा आहे. राजधानी पडली की राज्य संपते, की शेवटचा राजा शरण गेला की? हा प्रश्न वर्गात टाकला तर इतिहासाचा तास चांगला रंगतो.

माहुलीचाच आणखी एक प्रश्न : ठाणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला कोणता? उत्तर बहुधा 'माहुली' असे छापलेले असते आणि उंची साधारण २८१५ फूट दिलेली असते. पण मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाची उंची पुस्तकांत सव्वातीन हजार फुटांच्या घरात मिळते. हे दोन्ही आकडे खरे मानले तर उत्तर माहुली येत नाही. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे आझाद दस्त्याचे वीर २ जानेवारी १९४३ रोजी जिथे हुतात्मा झाले, तोच हा सिद्धगडाचा परिसर. त्यामुळे मुरबाडच्या मुलांना तो चांगला परिचित असतो. निकाल लावायचा तर भारतीय सर्वेक्षण खात्याचे नकाशे उघडावेत आणि दोन्ही डोंगरांच्या समोच्च रेषा मोजाव्यात. मोबाइलवर दिसणाऱ्या उंचीवर विसंबू नये, कारण त्यात उंचीची चूक आडव्या अंतराच्या चुकीपेक्षा बहुधा जास्त असते. समोच्च रेषा शिकवायला याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

पाण्याचा प्रश्न

आता यादीतला सर्वांत साधा वाटणारा प्रश्न : मुंबईला पाणीपुरवठा करणारे तलाव कोणते? उत्तर सात नावांचे : विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. पाठांतरासाठी ठीक. आता त्यांना साले जोडू. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, मोडकसागर १९५७, ऊर्ध्व वैतरणा १९७३, भातसा १९८० नंतर, मध्य वैतरणा २०१४. पहिले दोन साष्टी बेटावर. तिसऱ्यापासून शहर आपल्याकडे आले. शहापूर तालुक्यातला तानशाचा जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांबीचा दगडी बांध आणि तिथून उताराच्या जोरावर शहराकडे धावणारे पाणी हे त्या काळातले मोठेच काम होते. आज मुंबईच्या पाण्यातला सुमारे निम्मा वाटा एकट्या भातशाचा आहे, आणि तोही शहापूर तालुक्यातलाच.

आता त्याच तालुक्यातल्या मुलाने हा प्रश्न पुरा करायचा ठरवले तर तो विचारील, "आमच्या पाड्यावर चैत्र-वैशाखात टँकर का येतो?" शहापुरातल्या अनेक गावपाड्यांना गेली अनेक वर्षे उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागत आले आहे. पाऊस कमी म्हणावा तर तो अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे दुष्काळी मुलुखाच्या चौपट. पण तो चार महिन्यांत पडतो आणि तीव्र उतारावरून वाहून जातो. खालचा काळा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही. धरण दरीत असते आणि पाडा वर पठारावर. धरणातल्या पाण्यावर आधीच दुसऱ्याचा हक्क लिहिलेला असतो. या कारणांपैकी पहिली तीन भूगोलाची आहेत, चौथी माणसांनी ठरवलेली. हंडा घेऊन रांगेत उभी राहणारी मुलगी सात तलावांची नावे अचूक लिहून गुण मिळवते. तिला जे माहीत आहे त्याला मात्र उत्तरपत्रिकेत रकानाच नसतो. आम्हाला वाटते, फळ्यावर तो रकाना काढणे एवढे तरी शिक्षकाच्या हाती आहे.

उत्तरांनाही वय असते

काही उत्तरे काल बरोबर होती आणि आज चूक आहेत. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्यातल्या १५ तालुक्यांपैकी ७ उरले. तेव्हा जुन्या पुस्तकातून 'ठाणे जिल्ह्यातले आदिवासी तालुके' पाठ करणारा विद्यार्थी आजही जव्हार-मोखाडा लिहून बसतो. २००६ पर्यंत ग्रह नऊ होते, मग आठ झाले. म्हणून प्रत्येक उत्तरापुढे साल लिहिण्याची सवय लावावी.

आमच्या तालुक्यांतली शेकडो मुले दरवर्षी पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा अशा परीक्षांना बसतात. तिथे एका गुणाने नोकरी जाते. राज्यसेवेसारख्या परीक्षांत आधी उत्तरतालिका जाहीर होते आणि तिच्यावर हरकत घेता येते. पण हरकतीला पुरावा जोडावा लागतो. 'आमच्या पुस्तकात असेच आहे' हे तिथे चालत नाही. उत्तर कुठून आले, हे विचारण्याची सवय ज्याला शाळेतच लागली, त्याला हरकत कशी लिहायची हे शिकवावे लागत नाही.

साधने फार दुर्मिळ नाहीत. ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटिअर, डॉ. केतकरांचा ज्ञानकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आज संगणकावर किंवा मोबाइलवर पाहता येतात. गावातली जुनी माणसे तर आहेतच, मात्र त्यांचे सांगणे कधीचे आणि कुणाकडून ऐकलेले, हेही टिपून घ्यावे.

शेवटी एक सूचना. पुढच्या सोमवारी फळ्यावर दहाऐवजी चारच प्रश्न लिहावेत. पहिल्या दिवशी मुलांनी ते काही न पाहता सोडवावेत आणि शनिवारी तेच प्रश्न शोध घेऊन पुन्हा सोडवावेत, आइल ऑफ मॅनच्या शाळेसारखे. उत्तराला एक गुण, ते कुठे मिळाले याला एक आणि प्रश्नच अपुरा असल्याचे दाखवले तर दोन. पाचवा प्रश्न मुलांनी काढावा. म्हशाच्या जत्रेत पौष पौर्णिमेलाच बैलांचा बाजार का भरतो? आपल्या ओढ्याचे पाणी शेवटी कुठल्या खाडीला मिळते? अशा प्रश्नांची उत्तरे गाइडात छापलेली नसतात. ती शोधायला त्यांना बाहेर पडावे लागेल.